मकडी मुतली म्हणे!

"अगं, ऐकलंस का? चिटणीसांच्या गोठीतली ती नवी सून नाही का, सांगलीकडची? तिला रात्रीतून मकडी मुतली म्हणे! मानेपासून खांद्यापर्यंत नुसते फोड."

शेजारच्या मामी मुंडेरीवर रजई पसरता पसरता बोलत होत्या. ग्वाल्हेरच्या जुन्या लष्कर भागात (गोठ म्हणजे इथला मोहल्ला) कुंपण नावाची वस्तूच नाही. घरं भिंतीला भिंत लावून उभी. त्यामुळे शेजारधर्म चालतो तो छतावरून, कमरेएवढ्या मुंडेरीच्या आरपार. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथं छावणी टाकली आणि त्या छावणीचंच शहर झालं. छावणीत बातमी लपून राहत नाही, ते अजून तसंच आहे. पितृपक्ष संपून क्वारचं, म्हणजे अश्विनाचं, कडक ऊन पडलं की सगळं लष्कर रजया, गाद्या आणि मागल्या वर्षीची लोणची घेऊन छतावर येतं, आणि मग एका घरातलं दुसऱ्या घरात कळायला दुपारसुद्धा लागत नाही.

"मग केलं काय?" मी विचारलं.

"करणार काय! सासूनं आधी चुना लावला. मग कुणीतरी टूथपेस्ट सांगितली, ती लावली. मग मुलगा बाजारातून स्प्रेचे डबे घेऊन आला आणि सगळं घर फवारलं, पलंगाखाली, देव्हाऱ्यामागे, सगळीकडे. आता घरभर खोकला. आणि सून माहेरी फोन करून सांगतेय, ग्वाल्हेरच्या मकड्या फार विषारी. आता मला सांग, सांगलीत काय मकड्या नसतात?"

"असतात की. आणि तिथंही अंगावर फोड उठले की 'कोळी मुतला' असंच म्हणतात."

"म्हणजे खरंच आहे ना ते!"

मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे अशा वेळी मला गप्प बसवत नाही. यजमान म्हणतात, शाळा सुटली तरी तास चालूच आहे. असो.

"मामी, कोळ्याचा यात काडीचा दोष नाही. त्याचा मळ म्हणजे पांढुरका थेंब. भिंतीवर पडतो, वाळतो, फडक्यानं पुसला की जातो. त्यानं माणसाला फोड येत नाहीत. हे काम दुसऱ्याचं आहे. रात्री ट्यूबलाइटखाली तुम्ही एक किडा पाहिला असेल बघा. मोठ्या मुंगीएवढा, पण लांबट. डोकं काळं, मान नारिंगी, मधे निळसर काळा पट्टा, पुन्हा नारिंगी, आणि शेपटाचं टोक काळं. शेपूट वर करून पळतो."

"अगोबाई! काल माझ्या पोथीवर फिरत होता."

"चिरडला नाहीत ना?"

"छे! पोथीवर कशाला मारू? फुंकर घातली."

"पोथीनं वाचवलं तुम्हाला."

त्या किड्याला शास्त्रात पीडेरस म्हणतात. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं जहाल द्रव्य असतं. झोपेत तो मानेवर चालला, आपण अर्धवट झोपेत हातानं रगडला, की तो रस कातडीवर पसरतो. गंमत अशी, की तेव्हा काहीच कळत नाही. एखाद-दोन दिवसांनी तिथं लाल पट्टा उठतो, आग होते, मग बारीक फोड. हात जिथं जिथं फिरला तिथं तिथं तो पट्टा ओढला जातो. कोपराच्या आतल्या वळणात लागला तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीवर त्याची जुळी खूण उठते. तोवर किडा कुठल्या कुठे गेलेला. माणूस अंथरुणात उठून बसतो, वर बघतो, तर कोपऱ्यात कोळी. खरा गुन्हेगार पसार आणि भिंतीवरचा बिचारा हजर, मग आरोप कुणावर येणार?

"मग त्यावर करायचं काय? चुना नाही?"

"चुना नाही, टूथपेस्ट नाही, तुरटी नाही. साबण आणि भरपूर पाणी, लगेच. अंगावर दिसला तर चिरडायचा नाही, फुंकरीनं किंवा कागदानं उडवायचा. आणि रस लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही. डोळ्याजवळ फोड आले तर सरळ डॉक्टर. आणखी एक सांगते मामी, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं फोड आले आणि त्याच्या आधी दोन-तीन दिवस तिथं ठणकत होतं, तर ती नागीण असू शकते. तिलाही लोक मकडीच्याच नावावर खपवतात आणि झाडून घ्यायला जातात. नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं. ते दिवस चुन्यात घालवायचे नसतात."

मामींनी रजईची दुसरी बाजू उलटली. त्यांचा चेहरा सांगत होता, की एवढी चांगली बातमी मी बेचव करून टाकली.

"बरं, मुतली नाही तर नाही. पण या दिवसांत एवढ्या मकड्या येतात कुठून? श्रावणात कुठे होत्या?"

हा प्रश्न मात्र अस्सल होता.

श्रावणातही होत्या, पण लहान होत्या. पावसाळ्यात किडे वाढतात, किडे वाढले की कोळ्यांचं पोट भरतं, कात टाकत टाकत ते मोठे होतात, आणि अश्विन येईतो बरेचसे वयात आलेले असतात. वयात आलेला नर मग जाळं सोडून मादीच्या शोधात भटकायला निघतो. आपल्याला वाटतं घरात अचानक कोळी वाढले. वाढलेले नसतात, नजरेला पडायला लागलेले असतात.

मामींची भाची लेस्टरला असते. तिचा दर सप्टेंबरात फोन येतो, की तळहाताएवढा तपकिरी कोळी गालिच्यावरून पळत गेला. तिकडे सगळे समजतात की बाहेर गारठा पडला म्हणून ऊब शोधत तो घरात शिरला. खरं म्हणजे त्यातले पुष्कळसे आधीपासून घरातच, फळीखाली नाहीतर तळघरात असतात. शरदात नर बाहेर पडतात एवढंच. लेस्टर काय आणि लष्कर काय, भानगड तीच.

"म्हणजे मुलगी बघायला निघालेत म्हण की!" मामी खूश झाल्या. "मग त्यांचं आपल्या घरात काय काम?"

"काम दिव्याचं आहे. परवा हिरव्या किड्यांनी किती छळलं, आठवतं?"

ग्वाल्हेरात कुणाला आठवणार नाही! दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी स्कूटरवरून जायचं म्हणजे डोळे मिटून जायचं. दिव्याच्या खांबाखाली बारीक हिरव्या तुडतुड्यांचे ढग. हरसीच्या कालव्यावर डबरा-भितरवारकडे धान होतो, त्या धानावरचे हे किडे. धान पिकत आला की ते उडतात आणि उजेडाकडे धावतात. पीडेरसही अशाच ओल्या शेतातला. शेतकऱ्याचा तर तो मित्रच, पिकावरची कीड खातो. आपल्या दारावर पांढराशुभ्र दिवा जळत असतो, त्याला हे सगळे येऊन चिकटतात, आणि जिथं जेवण वाढलंय तिथं कोळी पंगतीला हजर होतो. दाराच्या चौकटीत जाळं विणायला त्याला याहून बरी जागा कुठली मिळणार?

"आणि काही तर उडत येतात," मी म्हणाले.

"मकड्या उडतात? काहीतरीच!"

"पंख नसतात त्यांना. अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं उंच जागी चढतात, पोट वर करून धागा हवेत सोडतात आणि वाऱ्यावर निघतात. हे बघा."

सकाळच्या तिरप्या उन्हात आमच्या तारेपासून त्यांच्या डिशपर्यंत एक धागा चमकत होता. १८३२ मध्ये डार्विन बीगल जहाजावर होता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साठेक मैल आत समुद्रात असताना त्या जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो लाल कोळी येऊन उतरले होते. जे समुद्रावर साठ मैल जातात, त्यांना गोठीतून आमच्या छतापर्यंत यायला कितीसा वेळ लागणार! मामींनी तो धागा बोटानं तोडला आणि पदराला पुसला. डार्विनचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

आता मामींचं घर. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जाड दगडी भिंतींचं. छत पटियांचं, म्हणजे गर्डरवर टाकलेल्या लांब दगडी फरशांचं. लष्करात अशी कितीतरी घरं आहेत. उन्हाळ्यात दुपारी त्यांच्यासारखी घरं नाहीत, पण पटियांच्या सांध्यातला चुना गळून पडला की प्रत्येक सांध्यात एकेका कोळ्याची कायमची वस्ती. मामी दर दिवाळीला जालेवाला झाडू लांब बांबूला बांधून तेवढं जाळं ओढतात. कोळी सांध्यात आत सरकतो, मामी गेल्या की बाहेर येतो, आणि दोघंही आपापलं काम चोख केल्याच्या समाधानात वर्ष काढतात. ते सांधे एकदा भरून घ्यायला हवेत, हे मी त्यांना सांगत आले आहे. गवंडी मिळत नाही, हे उत्तरही ठरलेलं.

पण खरी वाट सांध्यातून नाही, कूलरमधून आहे. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, गल्लीतल्या खिडक्या बघून सांगते. एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसवतात, त्याच्या चारी बाजूंच्या फटीत पुठ्ठा कोंबतात. पाऊस आला की कूलर बंद होतो, पण निघत नाही. आत गवताच्या ताट्या ओलसर, अंधार, माणसाचा हात नाही. अश्विनापर्यंत तिथं डास, झुरळं आणि त्यांच्या मागोमाग कोळी, सगळं गोकुळ नांदत असतं. पुठ्ठा तर केव्हाच भिजून लोंबलेला. मग लोक विचारतात, जाळी लावलेली असून कोळी येतो कुठून? अहो, खिडकीत त्याच्यासाठी खोलीच बांधून दिलीय की!

"आमचा कूलर अजून खिडकीतच आहे," मामी जरा नरमून म्हणाल्या.

"ठाऊक आहे. आमचाही आहे." मी इथं विषय बदलला.

इलाजांच्या बाबतीत आमची गल्ली सधन आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं प्लगमध्ये लावायचं यंत्र मागवलंय. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढतं आणि त्यानं उंदीर, पाल, झुरळ, कोळी सगळे पळतात, असं खोक्यावर लिहिलंय. अमेरिकेत २००१ मध्येच तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना तंबी दिली होती, की पुरावा असेल तरच दावे करा. किराणावाल्याच्या यंत्राला निळा दिवा आहे. मामी सांगतात, परवा त्या दिव्यावरच पाल बसली होती.

समोरच्या काकू डांबरगोळ्या ठेवतात. वास कोळ्याआधी आम्हाला येतो. पलीकडच्या वहिनी लिंबाचं तेल पाण्यात घालून शिंपडतात. २०१८ मध्ये असल्या घरगुती उपायांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, त्यात लिंबाच्या तेलानं कोळ्यांना काही फरक पडला नाही. पुदिन्याच्या तेलानं मात्र तपासलेल्या तीन जातींपैकी दोन जाती दूर राहिल्या. म्हणजे पुदिना अगदीच फुकट नाही. पण वास उडाला की असर उडाला, आणि रोज पुदिन्याचं तेल कोण शिंपडत बसणार? त्या भावात चटणी होईल.

स्प्रेबद्दल तर बोलायलाच नको. समोर दिसला आणि नेमका अंगावर मारला तर कोळी मरतो. पण भिंतीवर मारून ठेवलेल्या औषधाचा परिणाम झुरळावर होतो तसा त्याच्यावर होत नाही. तो पायांच्या टोकांवर चालतो, पोट जमिनीला घासत नाही. खोकला मात्र घरातल्या माणसांना लागतो. आपल्याच गावात झाशी रोडला डीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था आहे. डासांना अंगापासून दूर ठेवणारं डेपा हे रसायन तिथल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलं. किड्यांशी लढायचं तर शत्रू कोण, हे आधी ठरवावं लागतं. त्या संस्थेनं डास निवडला. आमची गल्ली अजून मकडीवरच अडकलीय.

"बरं, तुझं सगळं ऐकलं," मामी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पण जाळं असलेल्या घरात लक्ष्मी येत नाही, हे तरी खरं ना? लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा उगाच करतो?"

"मामी, जाळं काढाच. जाळ्याला माझा विरोध नाही."

विरोध असायचं कारणही नाही. आपण ज्याला जळमट म्हणतो ते बहुतेक वेळा सोडून दिलेलं, धूळ धरलेलं जुनं जाळं असतं. त्यात कोळी राहतसुद्धा नाही. ते काढल्यानं घर स्वच्छ दिसतं, आणि वर चिकटलेली अंड्यांची पिशवी त्याच्याबरोबर गेली तर पुढची सगळी फौज टळते. फक्त हे दिवाळीला एकदा करून भागत नाही. पावसाळा संपल्यापासून थंडी पडेपर्यंत आठवड्याला एकदा झाडू फिरवला, की कोळी स्वतःच ठरवतो की या घरात कष्ट फार आहेत. बागेतल्या गोल जाळ्याचे कोळी तर मोठे काटकसरी. त्यातले कित्येक रात्री जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्याच मालाचा नवा धागा काढतात.

"हे ऐकलंय मी," मामी एकदम म्हणाल्या. "ढोलीबुवांच्या मठात, कीर्तनात. मकडी आपल्यातूनच धागा काढते आणि आपल्यातच ओढून घेते, तसं ब्रह्मातून जग निघतं."

मुंडकोपनिषदातला दृष्टान्त आहे तो. मी पुढं काही बोलले नाही. मामी कधी कधी असं एका वाक्यात तास संपवतात.

मग आमचा तह झाला. तहाची कलमं मामींनी घातली. स्वयंपाकघर आणि देवघर, इथं एकही मकडी नको. दिसली तर पेला उपडा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि छतावर नेऊन सोडायची, "तुझ्या बाजूला," असं त्या म्हणाल्या. दारावरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावायचा, कारण पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात. दाराच्या खाली फट आहे, तिथं ब्रशची पट्टी लावायची. जिन्याखालचं कबाड विकायचं, हे कलम गेल्या दिवाळीच्या तहातही होतं. आणि कूलर. तो कार्तिकाच्या आत उतरवायचा, असं आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता ठरवलं.

राहिलं न्हाणीघर. मामींच्या न्हाणीघरात वरच्या कोपऱ्यात एक लांब काटकुळ्या पायांची कोळीण आहे. धक्का लागला की सगळं अंग गदागदा हलवते. तोंडात अंड्यांचा पुंजका धरून फिरते, तो खाली ठेवत नाही. मामींना ती नको होती. मी तिची वकिली केली. ही जात अंगानं नाजूक, माणसाला काही करत नाही. पण जाळ्यात डास बिनतक्रार घेते. याच जातीवर थायलंडमध्ये झालेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला, त्यात डेंगू पसरवणारे डास ती कशी धरते याची नोंद आहे. न्हाणीघरात बादल्या भरलेल्या असतात, डास तिथंच. आणि आपल्या ग्वाल्हेरात दवाखान्यांच्या रांगा कोणत्या महिन्यांत वाढतात, हे लष्करात कुणाला सांगायला नको.

"म्हणजे ती ठेवायची?"

"डेंगू जाईपर्यंत तरी."

"बाळंतपण झालं आणि पोरं घरभर पसरली तर?"

"त्यातली बरीचशी एकमेकांना खातात, मामी."

"अगदी आपल्या वाड्यातल्या भाऊबंदांसारखी!" मामी खळखळून हसल्या, आणि मग कुठल्या वाड्यातल्या, कुठल्या भावांची गोष्ट, ते सांगायला पुढे झुकल्या. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुमच्याही खिडकीत कूलर असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी त्यातलं पाणी काढा. कोळी नंतर बघू. या दिवसांत डास त्याच पाण्यात वाढतो, आणि तो आहे तोवर कोळ्याला तुमच्या घरी यायचं निमंत्रण कायम आहे.